धनश्रीची पांढरी होडी

हे खरं घडलंय. पटत नसेल तर पालीला या, भिंत दाखवते. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. तीही भर दुपारची.

धनश्री माझ्या भावाची, भागवतची मुलगी. मी मोबाईलवर बघून जलरंग शिकले आणि तिला शिकवले. जन्मात समुद्र न पाहिलेल्या आम्ही दोघी धरणाकडं बघून समुद्र काढायचो.

"आत्या, समुद्राला पल्याडचा काठच दिसत न्हाई. लई बरं."

त्या महिन्यात ती सासरहून आली. पाठीवर वळ होते. दिवसभर बसून एकच चित्र काढलं. काळंनिळं पाणी, लांबवर पांढरी होडी.

जलरंगात पांढरं रंगवत नाहीत. तेवढा कागद कोरा सोडतात. एकदा रंग बसला की ते पांढरं परत येत नाही.

"होडीत कुणीच न्हाई गं?"

"जागा ठिवली."

संध्याकाळी मीच तिला एसटीत बसवलं. "सगळ्याच सोसतात. परत जा," म्हणाले.

मोठी शहाणी मी!

चौथ्या दिवशी ती सासरच्या विहिरीत सापडली.

तेराव्याला तिचा सासरा त्रिंबक माझ्या घरी कागद घेऊन आला. पाय घसरला, आमची तक्रार नाही, असं आधीच लिहून.

"सही करा, भागवतराव. झालं गेलं गंगेला मिळालं."

भावानं पेन उचलला.

लाईट गेलेली. पंखा बंद. तरी आवाज येत होता... पाणी आपटल्यासारखा...

भिंतीवर चौकटीत लावलेल्या तिच्या चित्रामागून.

मग चौकटीखालून कागदावर थेंब पडला. टप्प... अजून एक... भिंत ठणठणीत कोरडी.

भावानं बोट जिभेला लावलं.

"अक्का... खारं हाय."

त्रिंबकचा चेहरा उतरला. भावानं कागद टराटरा फाडला. "माझी पोर घसरली न्हाई, बे! नीघ इथून!"

आता केस उभी आहे. वाटलं, पोरीचा राग शमला असेल.

मग होडीकडं लक्ष गेलं.

ती सरकली होती...

कोरी सोडलेली जागा सरकेल कशी? जिथं होती तिथं आता निळं पाणी आहे. माझा ब्रश लागलेला नाही. दर महिन्याला ती अलीकडं येते. राग फक्त त्यांच्यावर असता तर पलीकडं गेली असती ना?

काठाला आता दोन बोटं उरलीत. भिंतीला ओल धरलीय, बरोबर माझ्या उशाशी.

चित्र मी उतरवलेलं नाही.

ये बाई. काय बोलायचं ते बोल. या वेळी मी तुला परत जा म्हणणार नाही.

पण झोप... झोप लागत नाही.