भिंतीवरचा नाड्यांचा माणूस

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

बोझो शहर. औषधांच्या बाजारामागची गल्ली. थंडीतली, धुक्याने भरलेली दुपार.

मी माझ्या सख्ख्या बहिणीकडे, रुईफांगताईकडे राहायला गेले होते. तिचे यजमान शोरेनदाजी घरातच सुया टोचून उपचार करायचे.

त्यांच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. उघडा माणूस. अंगभर काळ्या रेघांनी काढलेल्या नाड्या, आणि त्यांवर सुई टोचायच्या जागांचे ठिपके.

"गुरुजींनी मरताना मला दिलं," दाजी सांगायचे.

साफ खोटं!

म्याओ गुरुजींनी त्यांना भर पेशंटांसमोर हाकललं होतं. "माझी विद्या तुझ्या हाताला लागायची नाही," असं बजावून.

त्या दुपारी कुणी पेशंट नव्हतं. आम्ही तिघं शेगडीजवळ बसलो होतो.

टिण्ण...

पितळी वाटीत सुई पडावी, तसा आवाज.

ताई बघायला उठली. वाटी रिकामी.

मग तिची नजर चित्रावर गेली...

डाव्या हातावरची रेघच नव्हती. ठिपकेही नाहीत. नुसता कोरा कागद.

"अहो, हे बघा..."

दाजींचा चहाचा पेला फुटला. त्यांचा डावा हात लुळा पडून लोंबत होता.

"गारठ्याने आखडलाय. बोंबलू नकोस!" ते खेकसले.

टिण्ण...

या वेळी पाय गेला. चित्रातलाही, दाजींचाही.

"देऊन टाका ते चित्र परत!" ताई किंचाळली.

"मेलो तरी देणार नाही. त्या थेरड्याचा बाप आला तरी नाही!"

ताईने मला ओढतच बाहेर काढलं. आम्ही गुरुजींच्या घरी धावलो. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोने दार जेमतेम किलकिलं केलं.

"आजी, ते नाड्यांचं चित्र परत घ्या. पाया पडते तुमच्या."

"कुठलं चित्र? ते मी यांच्या शवपेटीत ठेवलं. छातीवर. खिळे ठोकले तेव्हा तुझा नवरा तिथंच उभा होता."

"मग आमच्याकडे..."

"ते त्यालाच विचार. आणि पुन्हा हे तोंड दाखवू नकोस."

धाडकन दार लागलं.

आम्ही तशाच धावत घरी परतलो.

घरात शेगडी विझली होती. चित्र जागेवरच होतं. माणूसही तसाच उभा...

पण अंगावर एकही रेघ नाही.

आणि दाजी?

खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात धडधाकट. शांतपणे सुया पुसत होते.

मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, चहा ठेवा."

ताई जागच्या जागी थिजली.

तिला सूनबाई म्हणणारा एकच माणूस होता. म्याओ गुरुजी. शिष्याची बायको म्हणून.

याला बरीच वर्षं झाली. दाजी आजही सुया टोचतात. लांबलांबून माणसं येतात, बरी होऊन जातात. ताई त्यांना जेवायला वाढते, आणि वेगळ्या खोलीत आतून कडी लावून झोपते.

"माझा नवरा कुठं गेला गं?" तिने मला एकदाच विचारलं.



मी ताईकडे गेले की दाजी मला हात पुढे करायला सांगतात. "ये पोरी, नाडी बघू."

मी हात पाठीमागे घेते.

ते रागावत नाहीत... नुसते हसतात. घाई नसल्यासारखे.