एक तास पन्नास मिनिटं

दोन शहरांमधलं अंतर अकराशे चाळीस किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ एक तास पन्नास मिनिटं. उड्डाणांची आखणी करणाऱ्या त्या माणसाला हे आकडे तोंडपाठ होते. कुठल्या विमानात किती इंधन भरायचं ते तो ठरवायचा आणि विमान उतरलं की किती उरलं ते ताडून बघायचा. बावीस वर्षांत त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

सोमवारी दुपारच्या विमानाने दोनशे किलो जास्त जाळलं. मंगळवारी एक टन. बुधवारी तीन. उलटा वारा नव्हता, कुठे वळसा नव्हता. विमान उतरत होतं अगदी ठरल्या मिनिटाला.

त्याने मेकॅनिकला गाठलं.

"गळतीबिळती काही नाही. दोनदा बघितलं," मेकॅनिक म्हणाला. "तुमची शहरंच लांब सरकत असतील."

"थट्टा नको."

"मग काय सांगू? इंजिन म्हणतंय तीन तास चाललो. घड्याळ म्हणतंय दोनसुद्धा नाही. कोणाची बाजू घेऊ?"

साहेबांनी तर उडवूनच लावलं. वेळेवर उतरणारं विमान थांबवायचं कशासाठी?

गुरुवारी दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला, त्या दुसऱ्या शहरातून. "बाबा, आम्ही निघालो. विमानात बसलोय. तुम्ही नको म्हणाल, म्हणून आधी बोलले नाही. आई गेल्यापासून तुम्ही नीट जेवत नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलंय मला."

तिच्यासोबत सात महिन्यांचा नातू होता.

"खाली उतर. उद्या आगगाडीने ये."

"काहीतरीच काय. कारण तरी सांगा."

बोलून दाखवता येईल असं कारण त्याच्यापाशी नव्हतं. तिने हसून फोन ठेवला.

त्याने त्या विमानाच्या कॅप्टनला फोन लावला. "टाकी पूर्ण भरून घ्या."

"काका, विमान परदेशी पाठवताय का? एवढं वजन घेऊन उतरता यायचं नाही."

"उतरताना एवढं राहणार नाही."

कॅप्टनने कोणाला तरी इंधनाची गाडी परत बोलवायला सांगितलं. मग म्हणाला, "बरं."

पडद्यावरचा ठिपका सरळ रेषेत, शहाण्यासारखा पुढे सरकत राहिला. त्याने नजर काढली नाही. तीन चाळीसला विमान टेकलं. वेळेवर.

फोन वाजला. कॅप्टन होता. "काका, दहा मिनिटांपुरतं इंधन उरलंय."

"वाटेत काय झालं?"

"काही नाही. सरळ आलो." मग आवाज लांब गेला. तो शेजारच्या वैमानिकाला विचारत होता, "सरळच आलो ना आपण?"



बाहेर येणाऱ्या गर्दीत मुलगी दिसली तसा तो वाट काढत पुढे गेला. ती टवटवीत होती. केस तेवढेच, पिशव्या त्याच.

"बसल्याबसल्या डोळा लागला, तो उतरतानाच उघडला. आणि हा बघा, रडलासुद्धा नाही. घ्या तुमचा नातू."

बाळ त्याच्याकडे बघत होतं. पापणी न हलवता.

त्याने त्याला कडेवर घेतलं. पायांत लोकरीचे मोजे होते. तळ पार झिजून गेला होता.

"अगं, हे फाटके कशाला घातलेस?"

"फाटके? सकाळी नवीन काढलेत, बाबा. अजून रांगताही येत नाही त्याला, फाडेल कसे?"

ती बघायला वळली. त्याने चटकन ते पाऊल मुठीत झाकलं.

टाच खरखरीत लागली. तिला भेगा पडल्या होत्या.