पाठमोरी खुर्ची

लिफ्टमध्ये मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी कवटाळून उभी होते, आणि शेजारचा तो... माझ्याकडे नाही, कॅबिनेटकडे बघत होता.

"सर्व्हिस सेंटरला?" त्याने विचारलं.

"नाही हो, जरा हवा खायला काढलंय याला."

तो हसला. हसताना त्याचे कान आधी लाल झाले, हे मी तेव्हाच टिपलं. "ग्राफिक्स कार्डाची तक्रार असेल तर फुकट खेप होईल. तिथला माणूस 'सपोर्ट बंद' याखेरीज काही बोलत नाही."

"बोलू दे. त्याच्या डोक्यात घालते हेच."

"अं... जरा हळू घाला," तो म्हणाला. दार उघडलं, तो पुढे झाला, काउंटरला वळसा घालून पलीकडे गेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून माझ्याकडे वळला. "नमस्कार. काय मदत करू?"

मी कॅबिनेट धाडकन काउंटरवर ठेवलं. आता माघार कसली!

माझं दुखणं साधं होतं. मामाचं छोटं नाट्यगृह आहे आणि तिथलं नेपथ्य मी करते. रंगवलेले कापडी पडदे आता नाहीत. जंगल, राजवाडा, पाऊस, सगळं मी कॉम्प्युटरवर काढते आणि प्रोजेक्टर ते रंगमंचावर उमटवतो. चित्रं काढायचं सॉफ्टवेअरही मीच बनवलंय, फुकट मिळणाऱ्या, कुणालाही आतून उघडून बघता येईल अशा सिस्टिमवर. परवा ती सिस्टिम नवी केली आणि प्रोजेक्टर ठार आंधळा झाला. टेबलावरच्या मॉनिटरवर नदी झुळझुळतेय, रंगमंचावर मात्र काळोख. मागे जावं तर जुन्या सिस्टिमवर माझं नवं सॉफ्टवेअर उघडेना.

शनिवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. मामाने स्पष्ट सांगितलं होतं, "तोवर नदी दिसली नाही तर मी भाड्याचा पडदा आणतो. आणि पुढच्या नाटकापासून नेपथ्याला दुसरा माणूस बघतो."

"या सिस्टिमला कंपनी सपोर्ट देत नाही," काउंटरवाला म्हणाला.

"कार्ड तुमचंच ना?"

"हो."

"पैसे घेताना विचारलं होतंत, कुठल्या सिस्टिमवर लावणार म्हणून?"

"नाही... तुम्ही नवीन कार्ड घ्या ना."

"हे मेलंय?"

"छे! फार चांगलं कार्ड आहे ते." मग आवाज खाली आणून, "मला खरंच वाईट वाटतं."

"वाईट वाटून पडदा उजळत असता तर इथे आलेच नसते," मी म्हणाले, कॅबिनेट उचललं आणि तरातरा बाहेर पडले. लिफ्टचं बटण दाबायला हात मोकळा नव्हता. तो धावत आला, बटण दाबलं आणि परत गेला. माझा राग तिथेच थोडा बिघडला.

संध्याकाळी तो नाट्यगृहाच्या दारात उभा! पत्ता कॅबिनेटवरच लिहिलेला होता. खांद्यावर लांबलचक केबलचं वेटोळं.

"म्हटलं... केबल बदलून बघावी."

केबल बदलली. पडदा काळाच. तो माझ्या खुर्चीमागे वाकून स्क्रीनवरच्या ओळी वाचू लागला. त्याच्या कंपनीच्या शर्टाला कडक इस्त्रीचा वास येत होता... आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मागे व्हा! तुम्ही कंपनीचे!"

"म्हणजे?"

"बिघाड आहे कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे काय, दुभाषा. सिस्टिमचं बोलणं कार्डाला समजावणारा. कंपनीने आमच्या सिस्टिमसाठी तो कधी दिलाच नाही. म्हणून जगभरच्या लोकांनी पदरमोड करून, चुकत-माकत स्वतःचा लिहिला. त्यांचा एकच नियम आहे. कंपनीचं गुपित ज्याला माहीत आहे, त्याची कुजबुजसुद्धा त्यात शिरता कामा नये. नाहीतर कंपनी कोर्टात खेचेल आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात."

"अहो, पण मला—"

"एक अक्षर नाही! तुमच्या एका वाक्याने माझी नदी वाहील, पण मला तो उपाय कुणाला देता येणार नाही. हेच कार्ड घेऊन किती जण अंधारात बसलेत! माझं मी शोधीन. आणि चेहराही तिकडे करा. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

कोपऱ्यात मागच्या नाटकातलं सिंहासन होतं, एक हात मोडलेलं, सोनेरी रंग उडालेलं. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तो निमूटपणे जाऊन बसला.

मला वाटलं, उद्या काही यायचा नाही. पण काउंटर बंद झालं की स्वारी हजर! चहाचे दोन कप आणायचा, एक माझ्या टेबलावर ठेवायचा, डोळे मिटून, कारण स्क्रीन दिसता कामा नये... आणि जाऊन सिंहासनावर बसायचा. मी एकेक ओळ बदलून बघायची, त्याने भिंतीशी गप्पा मारायच्या. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"एवढा हट्ट कुणाकडून आलाय तुझ्यात?"

"आईकडून. ती म्हणते, मामाकडून. तू तोंड भिंतीकडे ठेव."

"भिंतीला पोपडे आलेत. एक अगदी तुझ्या नाकासारखा आहे."

"माझं नाक तू बघितलंस कधी?"

"लिफ्टमध्ये. आधी कॅबिनेट, मग नाक."

माझी बोटं अडखळली... आणि त्याचे कान लाल झाले. मला धास्ती वाटली, मी उत्तराच्या जवळ आले म्हणून तर नाही? ते कान झाकायला मी मामाला हाक मारली. मामाने पेटीतून राजाचा टोप काढला आणि त्याच्या कानांवर ओढून बसवला. "लग्नाआधीच एवढं ऐकतोयस, पुढे अवघड आहे बाबा," असं पुटपुटत मामा निघून गेला. मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

शुक्रवार उजाडला आणि पडदा जसाच्या तसा काळा. मामाने भाड्याचा पडदा आणून ठेवला होता, डोंगर आणि त्यामागून डोकावणारा गोंडस सूर्य. त्याच्याकडे बघून मला रडू येत होतं, पण रडले नाही. रडायचं असेल तर शनिवारनंतर रडेन.

"एक विचारू?" सिंहासनावरून आवाज आला. "कार्डाचं नाही. शनिवारनंतरही... मी असाच येत राहिलो, तर?"

उत्तर तयार होतं, फक्त बाहेर यायला त्याला वेळ लागत होता. एवढा वेळ कधी कुठल्या उत्तराला लागला नव्हता मला!

"बरं... राहू दे," तो म्हणाला. टोप काढून ठेवला, बॅग उचलली आणि दाराकडे निघालासुद्धा.

"अरे, माणूस आहेस की कोण!" मी उसळले. "विचारतोस आणि उत्तर यायच्या आत चालू लागतोस? गप्प आहे म्हणजे नाहीच म्हणतेय असं परस्पर ठरवून टाकलंस? जरा थांबता येत नाही?"

आणि माझंच वाक्य माझ्या कानात घुमलं.

कॉम्प्युटर सुरू झाला की कार्ड प्रोजेक्टरला विचारतं, कोण तू, किती मोठं चित्र हवं? मॉनिटर हाताशी आहे, चटकन उत्तर देतो. प्रोजेक्टर म्हातारा आणि सभागृहाच्या पार त्या टोकाला. त्याचं उत्तर येईपर्यंत नवा ड्रायव्हर थांबतच नसेल... तिकडे कुणी नाही असं समजून दार लावून घेत असेल!

मी पुन्हा बसले. विचार, थांब, पुन्हा विचार. तीनच ओळी लिहिल्या. मशीन बंद करून सुरू केलं आणि रंगमंचाकडे बघायचा धीर होईना.

"नदी..." तो दारातून म्हणाला.

नदी होती. या विंगेपासून त्या विंगेपर्यंत, निळी, वाहती, माझी. मी आनंदाने किंचाळले आणि दुसऱ्याच क्षणी कीबोर्डवरून हात झटकन काढून घेतले.

"तू मुद्दाम केलंस! विचारून निघून गेलास तो इशारा होता. संपलं सगळं. आता हे कुणालाच पाठवता येणार नाही!"

"अगं बाई!" इतके दिवस गिळलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मला त्या कार्डातलं ओ की ठो कळत नाही! मी काउंटरवर बसतो. कंपनीने आम्हाला एक कागद दिलाय, 'सपोर्ट बंद', तेवढंच मला ठाऊक. पहिल्या दिवसापासून हेच सांगायला बघतोय!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "मग इतके दिवस भिंतीकडे तोंड करून का बसलास?"

"तू बोलू कुठे दिलंस? आणि..." कान लालबुंद झाले, "उठावंसं वाटलं नाही."

माझ्या तीन ओळी त्याच संध्याकाळी सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. शनिवारी दुपारपर्यंत कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांचे निरोप आले. एका शिक्षिकेचा वर्ग उजळला होता, एका आजोबांची छायाचित्रं पुन्हा भिंतीवर झळकली होती. आणि आमच्या काउंटरवाल्याने काय करावं? त्या ओळी छापून काउंटरच्या काचेवर चिकटवल्या! साहेबांनी कागद काढायला सांगितला. हा म्हणाला, "कार्ड आपलं, माणूस आपल्या दारात आलेला. त्याला मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. कागद काढायचा तर आधी मला काढा." कागद आणि हा, दोघेही अजून तिथेच आहेत.

तिसरी घंटा व्हायच्या आधी तो विंगेत आला. "पुन्हा विचारतो," तो म्हणाला. "येत राहू?"

घंटा झाली. मामा ओरडला, "नदी सोड!" आणि मी मशीनकडे पळाले.

दोन अंक झाले. नदी वाहिली, कोरडी पडली, शेवटच्या प्रवेशात तिला पूर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पडदा पडला, लोक निघून गेले. मी विंगेत आले, तर तो जिथे सोडला होता तिथेच उभा, केबलवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून.

"अजून इथेच?"

"विचारलंय ना," तो म्हणाला. "थांबलोय."

"हा घरी कधी जाणार?" मामाने दिवे मालवता मालवता विचारलं.

"नाही जाणार," मी ठणकावून सांगितलं. "मला आवडतो तो. इथेच राहील, माझ्यासमोर."

मग मी ते मोडक्या हाताचं सिंहासन धरलं आणि करकर आवाज करत माझ्या टेबलाकडे तोंड करून फिरवलं.

"बस," मी म्हणाले. "आता हवं तेवढं बघ माझ्याकडे."