सतराशे ऐंशी

हे घडलेलं आहे. मी त्यात काही वाढवलेलं नाही. उलट ज्यांची खात्री नाही अशा दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत. खाली जे आकडे येतील ते सगळे सेन्सरच्या नोंदीतले आहेत आणि त्या नोंदी अजून माझ्याकडे आहेत.

शनिवार, १० जानेवारीची रात्र. पुण्यात कर्वेनगर, आमच्या सोसायटीचं मागचं पार्किंग.

आधी थोडं सांगावं लागेल.

माझं नाव कल्याणी. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, खराडीला एका प्रयोगशाळेत हवेचे नमुने तपासते. घरी आई आणि मी, दोघीच. बाबा ऑगस्टमध्ये गेले. सकाळी दाढी करता करता.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर बाबांनी वाघोलीच्या एका गॅरेजमधून जुनी बारा सीटची गाडी घेतली होती. सीट काढून आत पलंग, छोटा ओटा आणि खणांची कपाटं करून घेतली. जानेवारीत आईला घेऊन सारनाथ, कुशीनगर, बोधगया करायचं होतं. मी हॉटेलचं नाव काढलं की म्हणायचे, "तथागत पायी गेले. आपण निदान पलंग घेऊन निघालोय."

अडचण एकच होती. आईला दमा आहे. गार हवेत रात्री तिची छाती भरून येते, आणि तिकडे जानेवारीत पाच-सहा अंश आणि धुकं. मुक्काम करायचा ढाब्याच्या आवारात नाहीतर पेट्रोल पंपामागे. तिथे वीज कुठून जोडणार?

बाबा गेल्यावर आई म्हणाली, गाडी परत देऊन टाक. मग डिसेंबरमध्ये एका पहाटे तिने मला उठवलं. ती जागीच होती. ऑगस्टपासून ती रात्री धड झोपलीच नव्हती.

"रात्रभर गरम राहत असेल तर जाऊ," ती म्हणाली. "त्यांचं राहून गेलंय."

तेव्हा सगळं त्या गाडीच्या हवेवर होतं. हवा गरम आणि चांगली राहिली तर आई जाणार. नाहीतर गाडी वाघोलीला परत.

आमच्या घरात भुताखेतांचं नाव निघत नसे. बाबांनी घरात देवघर ठेवलं नव्हतं, तर भूत कुठे ठेवणार? कोणी काही सांगायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न. "मोजलंस का? मोजलं असशील तर बोल."

म्हणून मी मोजलं.

गाडीत डिझेलवर चालणारा हीटर आहे. तो जाळायला लागणारी हवा गाडीखालून घेतो आणि धूर गाडीखालीच सोडतो. आतली हवा फक्त गरम होऊन आतच फिरते. त्याच्या पंख्याला आणि पंपाला थोडी वीज लागते, ती पलंगाखालच्या बॅटरीतून. रात्रभर तो छोटा पंप वाजत राहतो.

टक… टक… टक…

मी सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद काका यांना विचारलं होतं, सेन्सरपुरती वायर घेऊ का. ते म्हणाले, "मॅडम, पार्किंगमध्ये गाडीने राहायचं असतं. माणसांसाठी वर फ्लॅट दिलेत." त्यामुळे चाचणी खऱ्या प्रवासासारखीच झाली. बाहेरची वीज नाही.

पहिली रात्र शुक्रवारची. हीटर बंद, आत मी एकटी, छतावरची झडप बोटभर उघडी. माणूस श्वास सोडतो तसा आतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि झडपेतून जेवढा बाहेर जातो तेवढ्यावर येऊन थांबतो. माझा आकडा थांबला अकराशेवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अकराशे. म्हणजे त्या गाडीत, त्या झडपेला, एक माणूस बरोबर अकराशे.

कुडकुडत झोपले. बाकी काही नाही.

शनिवारी हीटर लावला.

साडेदहाला दार आतून लावलं. बाहेर नऊ अंश, आत वीस. बाबांनी स्वतः बसवलेला पिवळा दिवा बंद केला. त्यांनी मापं घेऊन बनवलेल्या पलंगावर त्यांच्याशिवाय झोपताना कसं वाटलं ते लिहीत नाही. ते मोजलेलं नाही.

सव्वादोनला जाग आली.

पंप चालू होता. सगळं ठीक होतं. फोनवर सहज आकडा पाहिला.

सतराशे ऐंशी.

मी उठून बसले. पहिला विचार अर्थातच धुराचा. हीटरचा धूर आत आला तर आधी कार्बन मोनॉक्साइड दिसतो. त्याचा वेगळा सेन्सर उशाशी होता. तो शून्यावर.

झडप पाहिली. बोटभर उघडी, काल होती तशीच.

हवेतली वाफही काल रात्रीपेक्षा जास्त होती. धुराशिवाय वाढलेला कार्बन डायऑक्साइड आणि बरोबर वाफ. हे मी रोज ऑफिसच्या खोल्यांत मोजते. हा श्वास असतो.

बाहेरची हवा चारशे वीस. त्यावर माझे सहाशे ऐंशी. त्यावर आणखी सहाशे ऐंशी.

दोन माणसं.

मी हललेसुद्धा नाही. नुसती ऐकत राहिले.

टक… टक…

आणि दोन टकच्या मध्ये…

श्वास.

हळू, लांब. गाढ झोपलेल्या माणसाचा. पलंगावरून नाही, खालून येत होता. पलंग आणि ओट्याच्या मध्ये दोन फुटांची वाट आहे, तिथून. जमिनीलगत.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. पहिल्यांदा जे वाटलं ते भीतीच्या अगदी उलट होतं. पाच महिने मी घरात फक्त एकाच माणसाचा, आईचा, श्वास ऐकत होते, तोही जागा.

मी अगदी हळू हाक मारली.

"बाबा?"

आणि…

श्वास थांबला.

पंप चालू होता. माझा श्वास मला ऐकू येत होता. दुसरा नाही. कोणी निघून गेल्यासारखं मात्र वाटलं नाही. लपलेल्या माणसाच्या जवळून कोणी गेलं की तो जसा थांबतो, तसं होतं ते.

मी फोनकडे बघत बसले. आकडा उतरायला लागला. सतराशे चाळीस. सोळाशे ऐंशी. सोळाशे. दर मिनिटाची नोंद आहे. सतरा मिनिटं तो उतरत गेला, चौदाशे नव्वदपर्यंत. एकच माणूस श्वास घेत असेल तर जसा उतरेल, अगदी तसाच.

सतरा मिनिटं कोणी श्वास धरून ठेवू शकत नाही.

अठराव्या मिनिटाला खालून एक लांब श्वास आला… आणि आकडा परत चढू लागला.

तेव्हा मला भीती वाटली. कारण बाबांनी हाकेला ओ दिली असती. मी ज्याला हाक मारली तो हा नव्हता. आणि आपण तो नाही, हे त्याला माहीत होतं.

सातपर्यंत मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. पाय खाली सोडायची हिंमत झाली नाही. उजाडल्यावर वाकून पाहिलं. वाट रिकामी होती. पण ओट्याखालच्या स्टीलच्या दारावर दव धरलं होतं, ताटाएवढं. वर कुठेही नाही. फक्त तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

आईला मी एवढंच सांगितलं की आकडा जास्त येतोय, हीटर तपासायला हवा.

रविवारी दुपारी रणजित आला. ही गाडी त्याच्याच गॅरेजमधली. त्याने खाली झोपून सगळे पाईप पाहिले. तीन तास हीटर चालू ठेवला, आत कोणी नाही. आकडा चारशे तीस. मोनॉक्साइड शून्य.

"ताई, लीक-बिक काय नाय," तो हात पुसत म्हणाला. "एवढा बारीक तपास आरटीओवाले बी करत नाहीत."

"आधी ही कोणाकडे होती?"

"खराडीच्या कंपनीला लावलेली. रातपाळीची माणसं सोडायला. साडेबाराला सोडायची, चारला दुसरी आणायची. मधल्या टायमाला ड्रायव्हर आतच झोपायचा, सीटांच्या मधी, खाली. थंडीत इंजिन चालू ठेवून झोपायचा म्हणून मालक शिव्या घालायचा. डिझेल जळतंय म्हणून."

"आता कुठे आहे तो?"

"कोण जाणे. मी गाडी घेतली तवा दुसराच होता." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "सीट काढल्या ना, तवा खाली एक गोधडी निघाली. मी फेकत होतो. तुमचे बाबा म्हणले, राहू दे. कोणाची तरी हाय, मागायला येईल."

आई वरून चहा घेऊन आली होती. तिने हे ऐकलं. कप रणजितच्या हातात देऊन तिने एवढंच विचारलं, "कुठे ठेवलीये ती?"

गोधडी पलंगाखालच्या खणात होती. नीट घडी घातलेली. घडी बाबांची होती, कडा जुळवून.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "आज मी झोपते गाडीत. माझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

मी नाही म्हटलं. कारण विचारलं तिने. मी परत आकड्याचंच सांगितलं.

"मोजलंस ना?" ती म्हणाली. "विषारी आहे का हवा?"

"नाही."

"गरम राहतं?"

"राहतं."

"मग झालं."

मी वर खिडकीत फोन घेऊन बसले. साडेबारापर्यंत आकडा अकराशेच्या आसपास होता. आई एकटी. मला हायसं वाटलं.

बारा चाळीसला तो चढू लागला.

रणजितचं वाक्य आठवलं. साडेबाराला सोडायची…

दोनला सतराशे ऐंशी झाले. मोनॉक्साइड शून्य. तापमान एकवीस. कागदावर सगळं सुरक्षित होतं. मी चप्पल न घालताच खाली उतरले.

पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. गाडीखालून पंप ऐकू येत होता. मी दारावर हात ठेवला. पत्रा बर्फासारखा गार.

आत आई बोलत होती.

रात्री बाबांशी बोलायची तशी, हलक्या आवाजात. आजची वांगी बियांची निघाली. कल्याणी नीट जेवत नाही. शेजारच्यांनी नवा कुत्रा आणलाय, भुंकत नाही, नुसता बघतो. मध्ये थांबत होती. जितका वेळ समोरच्याला ऐकायला लागतो तितका. मग पुढे.

एकदा ती हसली.

मी दार वाजवलं नाही. का नाही, हे मी अजून स्वतःला विचारते आहे. बाहेर मी एकटी होते आणि आत दोघं, आणि ते दार उघडलं असतं तर पुन्हा आम्ही दोघीच उरलो असतो.

थोड्या वेळाने आईचा आवाज बंद झाला. मग तिचा श्वास, थोडी शीळ असलेला, दम्याचा. ती झोपली होती.

आणि त्याखाली… दुसरा.

सकाळी सातला आईने दार उघडलं. चेहरा सुजलेला, झोप झालेल्या माणसाचा. तिच्यामागे मला वाट दिसली. जमिनीवर ती गोधडी अंथरलेली होती.

चहा करताना मी शेवटी बोलले. सगळं. आकडे, श्वास, सतरा मिनिटं. तिला वाटत असेल बाबा आहेत, तर तसं नाही, हेही.

आईने गाळणं आपटून चोथा टाकला.

"मला माहितीये ते नव्हते," ती म्हणाली. "तुझे बाबा घोरायचे."

"मग तू बोलत कोणाशी होतीस?"

"विचारलं नाही मी. तू नाव घेतलंस, तो घाबरला. झोपलेल्या माणसाला असं हटकायचं असतं का?"

"आई, पण कोण आहे तो?"

"कोणी का असेना." तिने कप माझ्याकडे सरकवला. "बाहेर थंडी आहे, कल्याणी."

हे सोमवारचं. आज बुधवार. शुक्रवारी पहाटे आम्ही निघतोय. आई बॅगा भरतेय, गुणगुणतेय. पाच महिन्यांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. गाडी परत दे असं मी आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि कारण काय देऊ?

मी स्वतःला एक समजूत घातली होती. हीटर लावला तरच तो येतो. ऊब शोधत येतो, ऊब संपली की जातो. तिकडून परत आल्यावर हीटर काढून टाकू. म्हणजे प्रश्न मिटेल.

काल रात्री गाडीत कोणी झोपलं नव्हतं. हीटर बंद. दार बाहेरून कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या उशीखाली. गोधडी तेवढी आईने तशीच अंथरून ठेवली आहे. सेन्सर मी मुद्दाम चालू ठेवला होता.

सकाळी नोंद उघडली.

बारा चाळीसपर्यंत चारशे वीस, सरळ रेघ.

मग चढ.

दोन वाजल्यापासून सकाळपर्यंत, अकराशे.