चार सेकंद उशिरा

सुरभी झोपलीय तोवर लिहून टाकते. खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय माझ्याच घरात, जोहे गावात, या वैशाखात, भर दुपारी दोनला.

अंगणापलीकडच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखते. एकदा कुंचला टेकला की रेघ पुरी होईस्तोवर हात उचलायचा नाही. माझी आठ महिन्यांची पोर घरात, पाळण्यात. नवरा प्रवीण रोह्याला कंपनीत, शिफ्टला. म्हणून पाळण्यासमोर जुना लॅपटॉप ठेवला होता. त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र आणि आवाज, दोन्ही मूर्तीशेजारी टेकवलेल्या माझ्या मोबाईलवर यायचं.

मग लॅपटॉपला अपडेट आलं.

चित्र अडखळू लागलं. पोर रडायची, मला चार सेकंदांनी कळायचं. एकदा दिसली ती पाळण्याच्या कडेवर ओणवी. धावले. नशीब माझं.

निकेश, माझा दीर, पेणला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने सांगितलं, नव्या अपडेटमध्ये जे जे नेटवर्कवरून जातं त्याला आपोआप कुलूप लागतं. एन्क्रिप्शन. ते घालता-काढता जुन्या मशीनला धाप लागते.

"वहिनी, घरातल्या घरात कोण चोरून बघणार हाय? काढून टाक."

काढलं. चित्र सुरळीत धावू लागलं.

तिसऱ्या दुपारी मी डावा डोळा आखत होते. मोबाईलमध्ये सुरभी हसली. कॅमेऱ्याकडे बघून नाही...

उशाशी. वर. कुणाकडे तरी.

पाळणा हलत होता.

आणि मोबाईलमधून बाईचा आवाज आला... अगदी शांत.

"तू आख गो डोळे. मी हाय."

रेघ अर्धी टाकून धावले. घरात कुणी नाही. पाळणा थांबलेला. पोर रिकाम्या उशाकडे हात करत होती.

निकेश फोनवर हसला. उघड्या लाईनवर शेजारचं काहीतरी आलं असेल, म्हणाला. मग पाळणा कुणी हलवला, विचारलं. वारा असेल म्हणत त्याने फोन ठेवला.

मी लॅपटॉपसमोर उभी राहिले. कुलूप परत घातलं.

"नाय," म्हटलं. "हिची आई मी हाय."

आता चित्र पुन्हा अडखळतं. म्हणून मी प्रत्येक डोळ्यानंतर उठते, घरात जाऊन येते. दिवसाच्या दहा मूर्तींच्या सहा झाल्या. मालकीण मैनाबाई टोमणा मारते, देव आंधळे बसलेत गो तुझ्यापायी. बसू देत.

आवाज परत आला नाही. पण चित्र चार सेकंद मागे असतं. त्या चार सेकंदांत तिच्याजवळ कोण असतं, मला माहीत नाही.

घरी आले की पाळण्याची दोरी हातात घेते. कधी कधी पाळणा जड लागतो... पलीकडून कुणी धरल्यासारखा.

मी सोडत नाही. ओढतेच.