ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत

पाठीवर हवेची टाकी बांधून धरणाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या बचाव पथकात दिव्यानं नाव घातलं, तेव्हा निपाणीच्या त्या जैन घरानं कपाळावर हात मारून घेतला. आई त्रिशला मात्र एवढंच म्हणाली, "माझं म्हायेर त्या धरणातच बुडालंय गं. आमची विहीर दिसली तर बघून ये."

त्या सकाळचं काम साधंच होतं, सराव. जोडीला काकतीचा सौरव, होडीवर मष्णूअण्णा.

"जोडी सुटली तर?" सौरवनं नेहमीचा पाढा विचारला.

"मिनिटभर शोधायचं. न्हाय गावलं तर सावकाश वर."

"आनि हवेचा काटा?"

"तुझ्यापेक्षा जास्त बघते मी. चल, उतर."

खाली गाळ उठला होता. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. कानात फक्त आपलाच श्वास. दिव्यानं वळून पाहिलं, तर सौरव नव्हता.

मिनिट संपलं. पण हा पठ्ठ्या कुठं अडकून पडला असेल, त्याला टाकून वर जायला तिचं मन घेईना. नव्या पोरांना जो नियम ती घसा फोडून शिकवायची, तोच तिनं मोडला. घाबरलेला माणूस हवा ढोसतो. काटा तांबड्या पट्टीच्याही खाली गेला, श्वास ओढून ओढून येऊ लागला.

आणि गाळ बाजूला सरला.

समोर दगडी विहीर होती. काठावर एक बाई पाणी गाळत बसली होती. पाण्यातच पाण्याची धार तिच्या घागरीतून फडक्यावर पडत होती, पदर जागचा हलत नव्हता. मग तिनं फडक्यात उरलेले बारीक जीव हलक्या हातानं विहिरीत परत सोडले. दिव्या जीवाची भीतीच विसरली. नळाचं पाणी आई अजून असंच गाळते, पण फडक्यातले जीव परत कुठं सोडायचे, हे तिला कळत नाही.

बाईनं वर पाहिलं. ओठ हलले नाहीत.

"वाट चुकलीस लेकी… हे तुझं पाणी न्हवं…"

फडकं दिव्याभोवती आलं. कुठं धक्का नाही, घाई नाही. जीव विहिरीत सोडावा तितक्या जपून बाईनं तिला वर, उजेडाकडं सोडलं. छातीतला उरलासुरला श्वास ओठांतून थोडा थोडा सुटत राहिला. मरणाच्या दारात इतकी माया भेटेल असं तिला वाटलं नव्हतं.

होडीत सौरव होता. त्यानं तिला ओढून आत घेतलं.

"मी मिनिटभर बघून वर आलो गं… तू का न्हाय आलीस?"

मष्णूअण्णा तिच्या मनगटाकडं पाहत होते. तिथं जाड सुती फडकं बांधलेलं होतं.

आईनं ते घरी उजेडात धरलं. धाग्यांत काहीतरी बारीक वळवळत होतं. तिनं फडकं ओंजळीत सावरून धरलं.

"हे हितं सोडता येत न्हाय गं… ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत…"

"म्हंजे परत जायचं?"

आईनं फडकं परसातल्या दोरीवर टाकलं. हिवाळा गेला, उन्हाळा भाजून काढू लागला, पण ते वाळलं नाही. रात्रंदिवस ठिबकत राहिलं.

आज सकाळी ते दोरीवर नव्हतं. दिव्याला जाग आली तेव्हा तिच्या मनगटाला बांधलेलं होतं, आणि उशीवर ओल पसरली होती.