दुपारी मरणारे मासे

हेमलता भित्री बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. लग्न होऊन पुण्याहून बंगळुरात आली त्याच आठवड्यात न्हाणीघरात विंचू निघाला, तर तिनं तो चपलेनं ठेचला आणि मग शांतपणे चहा टाकला. तेव्हा पुढचं ऐकून कुणी ‘बायकांच्या मनाचे खेळ’ वगैरे म्हणालात, तर मला चालायचं नाही.

गोष्ट एकसष्ट सालची. तिचा नवरा विद्याधर सरकारी कारखान्यात इंजिनीयर. मल्लेश्वरमच्या पलीकडे नव्या वस्तीत त्यांनी अहल्याक्कांच्या घराचा मागचा भाग भाड्यानं घेतला होता. अक्का मराठीच, पण कित्येक पिढ्या इथल्या, बोलण्यात कन्नडची फोडणी. हेमलताला एकच मुलगी, कल्पना, सहा वर्षांची. पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पोर हिंडूफिरू लागली, पण बोलेना. घसा ठणठणीत, कान ठणठणीत, नुसती बघत राहायची. तीन महिने झाले, हेमलताला कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती. रात्री पोरगी झोपली की ती उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी पदर खोचून कामाला लागायची.

डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी द्या तिला. म्हणून मासे.

विद्याधरनं लोखंडी पट्ट्यांची चौकट करून आणली, खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी भरून काचा बसवल्या. पेटी सव्वा फूट खोल. हे उष्ण प्रदेशातले मासे बंगळुरच्या थंडीत गारठू नयेत म्हणून झाकणाला दोन बल्ब. कारखान्यातल्या हयवदन नावाच्या सोबत्याला माशांचा भारी नाद, त्यानं बारा मासे दिले, काळे आणि तांबडे. मागच्या खोलीचा एक कोपरा रिकामाच होता, तिथं पेटी ठेवली. कल्पनानं काचेला नाक लावलं आणि म्हणाली, “मासा.”

हेमलताच्या हातातला झारा खाली पडला. तिनं पोरीला असं काही कवटाळलं की पोरगी गुदमरली बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गिरणीचा भोंगा झाला आणि एक मासा उलटा होऊन वर आला. कल्पना पुन्हा गप्प. संध्याकाळी जरा हसली, ‘काळा’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी बाराला दुसरा मेला, आणि ‘काळा’ही गेला. मग हे रोजचंच झालं. सकाळी एखादा शब्द यायचा आणि दुपारी माशाबरोबर जायचा.

विद्याधरनं पाणी बदललं, लांबीवर रंगाचा हात दिला, बल्ब काढून पाहिले, खाणं निम्म्यावर आणलं. काही उपयोग नाही. शेवटी हयवदन घरी आला, पेटीभोवती फिरला आणि एकदम म्हणाला, “वहिनी, पाणी कशात भरून ठेवता?”

“तांब्याच्या हंड्यात. दुसऱ्या कशात ठेवणार?”

“अय्यो! माशांना तांबं म्हणजे विष हो!”

हेमलतानं कपाळावर हात मारून घेतला. शुद्ध म्हणून, चांगलं म्हणून, लेकीच्या माशांना ती रोज चिंचेनं घासलेल्या लख्ख हंड्यातलं पाणी देत होती! तेव्हाच्या तेव्हा मातीचा माठ आणला, पेटी धुतली, नवं पाणी मुरवून भरलं. सापडलं एकदाचं कारण, म्हणून सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी बाराला एक तांबडा मेला.

आता मात्र हेमलता चिडली. पुढच्या दुपारी कल्पनाला अक्कांकडे धाडून ती पेटीसमोर पाटावर बसली. बाहेर लख्ख ऊन, आत भिंतीवर पाण्याची तिरीप हलत होती. भोंगा झाला. उरलेले पाच मासे एकाएकी भिंतीकडच्या कोपऱ्यात गोळा झाले, वर तोंडं करून... कुणी खाणं घेऊन आलं की जमतात तसे. तिथं कुणी नव्हतं. ओल्या चिखलाचा वास आला. आणि एक काळा मासा आडवा होऊन हळूहळू वर आला, पोहत नव्हे... तळव्यावर धरून उचलावा तसा. पाण्याबाहेर अर्धी वीत अधांतरी राहिला. तडफडला. मग अलगद परत पाण्यात ठेवला गेला, मेलेला.

हेमलताच्या अंगावर काटा आला. पण ती उठली ती तडक अक्कांच्या ओसरीवर गेली.

“अक्का, त्या कोपऱ्यात काय आहे ते सांगा. खरं सांगा.”

अक्कांनी कल्पनाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “स्वल्प हळू बोल गं. इथं केरे होती, मोठं तळं. मग वस्ती करायची म्हणून माती टाकून बुजवली. धोब्याची एक पोर बुडाली होती त्यात, भर दुपारी. मासे धरायला उतरली होती म्हणे. गळ टाकले, माणसं उतरली, पण पोर काही मिळाली नाही. तशीच माती टाकली वरून... त्या कोपऱ्यात आम्ही पाण्याची घागरसुद्धा ठेवत नाही.”

“आणि हे तुम्ही आत्ता सांगता?”

“घाबरशील म्हणून गं. सरी, असू दे, झालं ते झालं. ती पेटी ओतून टाक.”

“ओतू? माझी पोरगी बोलते ती त्या पेटीपाशी! मी नाही ओतणार. आणि नुसती हलवली तर ही पोरीची पाठ सोडेल कशावरून? बघतेच मी तिला.”

दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना तिनं झाकण काढलं, बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला. बल्बनं पाणी कोमट होतं. भोंगा झाला आणि ते विहिरीसारखं गार पडलं. मग... लहान, बुळबुळीत बोटांनी तिची तर्जनी धरली.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडली नाही. ओढ लागली, खाली. कोपर गेलं, दंड गेला, पाणी खांद्याला लागलं. सव्वा फुटाची पेटी, आणि हाताला तळ लागेना.

दातांवर दात रोवून ती म्हणाली, “ऐक गं. तू कुणाची लेक असशील ती अस. मासे हवेत? ने, मी आणखी आणीन. पण माझ्या पोरीचा शब्द तुला मिळायचा नाही. तो माझा आहे. ओढतेस? ओढ. मीही सोडणार नाही तुला. बघू कोण आधी दमतं ते.”

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. गालावरून पाणी ओघळत होतं, पेटीतलं की डोळ्यांतलं कोण जाणे. हळूहळू ओढ थांबली. बोटांना वाळू लागली, आपल्याच पेटीतली. चारही मासे तिच्या मनगटाभोवती फिरत होते.

त्या दिवशी मासा मेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. कल्पना ‘काळा’ म्हणाली, ‘तांबडा’ म्हणाली, ‘दूध’ म्हणाली. हयवदननं माठाला श्रेय दिलं. हेमलतानं देऊ दिलं.

नवव्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटत होती. मागच्या खोलीत कल्पना दुधाचा पेला घेऊन पेटीपाशी बसलेली, विद्याधर आरशासमोर दाढी करत होता.

“आई!”

हेमलतानं लाटणं फेकलं आणि “ओ! ओ गं माझे बाई!” करत धावली. कल्पना हसत होती. तिनं पुन्हा हाक मारली, हेमलतानं पुन्हा ओ दिली. विद्याधरच्या अर्ध्या तोंडाला फेस, आणि तो तसाच रडत होता. मग कल्पनानं पेला तोंडाला लावला आणि घटाघटा दूध पिऊ लागली.

“आई...”

विद्याधरचा हात थांबला. कल्पनाचं तोंड पेल्यात होतं. हाक भिंतीकडच्या कोपऱ्यातून आली होती.

हेमलतानं ओठ घट्ट मिटले. ओ द्यायची नाही, मरेपर्यंत द्यायची नाही, असं ठरवून ती ताठ उभी राहिली. पुन्हा हाक आली, जरा जवळून. तिनं मान वळवली नाही.

कल्पनानं पेला खाली ठेवला, हातानं तोंड पुसलं आणि तापानंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलली.

“आई, तिला पण ओ दे ना. केव्हाची तुझं बोट धरून उभी आहे.”